नातीचे सबमिशन आणि संध्याकाळची थाळी

आपल्या समाजात मुलामुलींच्या शिक्षणाचा विषय निघाला की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. टक्के किती पडले, आणि पुढे काय करणार? मूल परगावी शिकत असेल तर तिसरा प्रश्न त्याची आई विचारते: जेवणाचे काय? हा तिसरा प्रश्न स्वयंपाकघरातला समजून आम्ही पुरुषमंडळी तो सोडून देतो. माझी ३६ वर्षे बँकेत गेली आणि त्यांतील बराच काळ लहान व्यापाऱ्यांची कर्जप्रकरणे तपासण्यात गेला. धंद्यात नफा असूनही ज्या दिवशी देणे द्यायचे नेमक्या त्याच दिवशी गल्ल्यात रोकड नसली, की चांगले चालते दुकानही अडचणीत येते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. विद्यार्थ्याच्या धावपळीच्या आठवड्याचे गणितही फारसे निराळे नसते. हुशारी असते, कष्टाची तयारी असते. मात्र ज्या घटकेला अन्न हवे त्या घटकेला ते समोर नसते. गेल्या नोव्हेंबरच्या अखेरीस माझ्या नातीच्या निमित्ताने असा एक आठवडा मला घरातच, अगदी जवळून पाहता आला.

नात पुण्यात आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हा अभ्यासक्रम ५ वर्षांचा. बी.कॉम., एम.कॉम. केलेल्या माझ्यासारख्याला त्यातील परीक्षेची पद्धत समजायला वेळ लागला. आमच्या वेळी पेपर तीन तासांत संपत असे. जे येत होते ते लिहिले, घंटा झाली, बाहेर पडलो. येथे मात्र विद्यार्थ्याला एक इमारत मनात उभी करावी लागते, तिचे नकाशे मोठमोठ्या कागदांवर काढावे लागतात, पुठ्ठ्याचे किंवा फोमबोर्डचे मॉडेल स्वतःच्या हाताने बनवावे लागते, आणि शेवटी परीक्षकांसमोर उभे राहून प्रत्येक भिंत तेथेच का आहे हे सांगावे लागते. या शेवटच्या प्रकाराला ती मुले ज्युरी म्हणतात. ज्युरीच्या आधीचा आठवडा म्हणजे सबमिशनचा आठवडा. व्यापारी वाचकांना सांगायचे तर मार्चअखेर आणि दिवाळीचा सीझन एकाच आठवड्यात यावा, तसा.

एरवी ती कॉलेजजवळच्या मुलींच्या वसतिगृहात राहते. तेथील मेसमध्ये रात्रीचे जेवण साडेसातला सुरू होते. तिने चातुर्मासात चौविहाराचा नियम घेतला होता. कार्तिकी पौर्णिमेला मुदत संपली, तरी तिने तो आपणहून पुढे चालू ठेवला. चार महिने तिने दुपारीच डबा भरून ठेवून आणि फळांवर निभावले. सबमिशनच्या आठवड्यात ते जमणार नव्हते. तिने फोन केला, "दादाजी, सोमवारपासून शनिवारपर्यंत तुमच्याकडे येऊ का? पण पसारा खूप होईल." पसारा खूपच झाला. बिबवेवाडीतील आमच्या दोन खोल्यांच्या घरात बाहेरच्या खोलीतील दिवाण भिंतीला लागला, जमिनीवर हिरवी कटिंग मॅट आली, आणि पायाखाली फोमबोर्डचे पांढरे कपटे सहा दिवस होते.

या आठवड्यामागे आणखीही एक गोष्ट होती, ती सांगणे आवश्यक आहे. आमचे मूळ गाव बार्शी. धान्य-किराण्याचे दुकान माझ्या थोरल्या बंधूंनी सांभाळले. मी नोकरीत गेल्यामुळे ते आता माझा मुलगा पाहतो. मुलगी हुशार, हिशेबाला पक्की; तिने बी.कॉम. करून दुकानाचा जीएसटी आणि ऑनलाइन व्यवहार पाहावा, असे त्याच्या मनात पहिल्यापासून होते. तिच्या हट्टापुढे त्याने एक वर्ष मान्य केले, मग दुसरे. दिवाळीत मात्र त्याने स्पष्ट सांगितले, की जानेवारीची फी भरण्यापूर्वी एकदा बसून विचार करू. त्याचे म्हणणे अगदी चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. पाच वर्षांची फी, त्यावर कागद, बोर्ड, छपाई यांचा खर्च. आणि त्यानंतर पहिल्या नोकरीतील पगार आमच्या दुकानातील जुन्या मुनीमजींच्या पगाराइतका. कर्जाचा प्रस्ताव म्हणून हे प्रकरण माझ्या टेबलावर आले असते, तर मीही दोन-तीन शेरे मारलेच असते.

आता जेवणाकडे वळतो.

नोव्हेंबरच्या त्या आठवड्यात पुण्याचा सूर्योदय ६ वाजून ४७ मिनिटांच्या आसपास होता आणि सूर्यास्त ६ ला चार मिनिटे कमी असताना. सूर्योदयात ४८ मिनिटे मिळवली की नवकारसी, म्हणजे ७ वाजून ३५ मिनिटे. कॉलेज साडेआठला. त्यामुळे सकाळच्या खाण्याला जेमतेम पंचवीस मिनिटे मिळत. संध्याकाळी साडेचारला सुटून वाहतुकीतून घरी यायला सव्वापाच वाजत, म्हणजे जेवायला चाळीस मिनिटे. मी हे सगळे बँकेच्या डायरीत लिहून स्वयंपाकघरात नेले. सौ.ने ते वाचले आणि डायरी परत माझ्या हातात दिली. ती म्हणाली, "वेळा मला ठाऊक आहेत. नियम तिचा आहे, स्वयंपाक माझा आहे. तुम्ही फक्त गॅस सिलिंडर संपत आला आहे, त्याचे बघा."

पहिल्या दिवशी नात आल्याच्या आनंदात दाल-बाटी झाली. साजूक तुपात बुडवलेली बाटी, पंचमेळ डाळ, वर चुरमा. साडेसातला नातीचे डोके ड्रॉइंग शीटवर टेकलेले होते. शाई वाळलेली होती म्हणून शीट वाचली. सौ.ने तिला उठवले नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र थाळीचे स्वरूप पार बदलले. बाजरीची भाकरी, मुगाची डाळ, एखादी फळभाजी, थोडे तूप, गुळाचा खडा. कधी खिचडी आणि कढी. (कढीसाठी दही आधी चांगले गरम करायचे आणि मगच त्यात बेसन घालायचे, हे आपल्या घरांतून सांगावे लागत नाही, पण हल्लीच्या नव्या सुनांसाठी लिहून ठेवतो.) मंगळवारी पाचम आणि शुक्रवारी आठम होती. त्या दिवशी हिरवी भाजी नाही, म्हणून एकदा गट्टे आणि एकदा दाणामेथी-पापडाची भाजी. सकाळी मुगाच्या डाळीची धिरडी, नाहीतर गूळ-तूप घातलेली गरम थुली. रात्री दहानंतर भूक लागते ही तिची पहिल्या दिवसाची तक्रार बुधवारपर्यंत बंद झाली. बाजरी आणि मूग पोटात सावकाश उतरतात, मैद्याचे आणि तळलेले भरकन उतरते आणि पुन्हा मागते, असे सौ.चे शास्त्र आहे. माझ्याजवळ त्याचा काही दाखला नाही, फक्त त्या मुलीचा अनुभव आहे.

मला जाणवलेली गोष्ट दुसरीच होती. सव्वासहाला ती कामाला बसली, की साडेअकरापर्यंत तिला जेवणासाठी उठायचे नव्हते, काय मागवायचे याची चर्चा करायची नव्हती, खाली जाऊन पार्सल घ्यायचे नव्हते. सलग पाच तास. कॉलेजातील मुले रात्री आठला जेवायला जातात, दहाला परत येतात आणि मग पहाटेपर्यंत जागतात, असे तिनेच सांगितले. चौविहाराचे धर्मशास्त्र सांगण्याचा माझा अधिकार नाही. ते साधुसाध्वीजींच्या मुखातून ऐकावे. मी फक्त वेळेचा हिशेब मांडतो आहे, आणि त्या हिशेबात ती पुढे होती.

अर्थात एका दिवशी हा हिशेब मोडायची वेळ आली. बुधवारी मॉडेलच्या जाळ्या लेझरवर कापून घेण्यासाठी ती टिळक रस्त्याजवळच्या एका दुकानात गेली. तेथे तिच्यासारखी पंधरा-वीस मुले रांगेत. पावणेपाचला फोन आला, "दादाजी, माझा नंबर सहानंतर येईल. नंबर सोडला तर उद्या मिळणार नाही." तिने डबा मागितला नाही. सौ.ने बोलणे ऐकले आणि फोन खाली ठेवायच्या आत पुडाचा डबा काढला. मी स्कूटरवर निघालो. स्वारगेटच्या चौकात नेहमीप्रमाणे वाहने तुंबलेली. पोहोचलो तेव्हा साडेपाच होऊन गेले होते. दुकानाच्या पायरीवर, मशीनच्या घरघरीत, एका हातात बोर्डांचा गठ्ठा सांभाळत ती जेवली. भाकरी गार झाली होती. पाच वाजून बावन्न मिनिटांनी तिने पाणी पिऊन हात जोडले. रांगेतील एका मुलाने विचारले, "काकू घड्याळ लावून जेवायला देतात का?" ती म्हणाली, "दादी. आणि घड्याळ आकाशात आहे." मला तिचे उत्तर आवडले. तिच्या वयात मी अशा प्रश्नांना उत्तर न देता विषय बदलत असे.

त्याच रात्री तिच्या वर्गातील दोघी मैत्रिणी मदतीला आल्या. सात वाजले होते आणि दोघी उपाशी होत्या. आमच्याकडे सूर्यास्तानंतर चूल पेटत नाही. सौ. क्षणभर थांबली, मग तिने दूध, केळी, खाखरे आणि शेव-चिवड्याचे डबे त्यांच्यापुढे ठेवले. नंतर मी विचारले तेव्हा म्हणाली, "ज्यांनी नियम घेतलेला नाही त्यांना उपाशी ठेवा, असे कोणत्या महाराजसाहेबांनी सांगितले आहे?" आणि मुलींना बजावले, की उद्या यायचे असेल तर पाचला या, चौघी मिळून बसू. गुरुवारी त्या खरोखरच पाचला आल्या. त्यांतील एक कोकणातली होती; तिने दोडक्याच्या भाजीत कांदा-लसूण नाही हे तिसऱ्या घासाला ओळखले आणि चौथ्या घासाला विसरली.

आता तिच्या मॉडेलविषयी. विषय दिला होता 'सार्वजनिक भोजनगृह'. कोणी महामार्गावरचा ढाबा घेतला, कोणी मॉलमधील फूडकोर्ट. हिने ६० विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाची भोजनशाळा घेतली. याचे बीज माझ्याकडून गेले, असे ती म्हणते. १९७६ ते १९८१ या काळात मी सोलापुरात शिकत असताना एका बोर्डिंगमध्ये राहिलो होतो. हिवाळ्यात सव्वापाचला घंटा होई. कॉलेजातून उशिरा सुटणारे आम्ही धावत येऊन शेवटच्या पंगतीला बसत असू. भोजनगृहाच्या खिडक्या पूर्वेला. सकाळी भरपूर ऊन येई, जेव्हा तेथे कोणीच नसे. संध्याकाळी मात्र शेवटच्या पंगतीला वरणातला खडा दिसत नसे. दिवा लावून जेवायचे नाही, म्हणून आम्ही अंधुकात घाईघाईने गिळत असू. हे मी कधीतरी तिला गंमत म्हणून सांगितले होते. तिने ते वहीत टिपून ठेवले होते.

अभ्यासासाठी जुनी उदाहरणे शोधायची होती, तेव्हा मी तिला कर्मवीर भाऊराव पाटलांचे चरित्र दिले. भाऊराव आपल्याच समाजातील. विद्यार्थिदशेत ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले. पुढे १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. त्या काळी शाळेत एकत्र शिकवणे एक वेळ सोपे होते. एका छपराखाली राहून एका स्वयंपाकाचे जेवणे अवघड होते. वसतिगृहातील मुलांच्या जेवणाची अडचण आली तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, मंगळसूत्रसुद्धा, मोडले ही हकिकत आपण भाषणांतून ऐकतो आणि टाळ्या वाजवतो. नातीने ती वाचून मला विचारले, "दादाजी, धान्य कुठे ठेवत असतील? साठवायला जागा कशी होती?" मला उत्तर देता आले नाही. मोठ्या संस्थांच्या इतिहासात इमारतीच्या उद्घाटनाची तारीख सापडते. कोठीची लांबी-रुंदी सहसा सापडत नाही.

तिची रचना मी समजून घेतली ती अशी. पंगतीत एका मुलाला साधारण दोन फूट रुंदी लागते. १५ मुलांची एक ओळ म्हणजे ९ मीटर. अशा चार ओळी, मध्ये वाढपींना फिरायला वाट. मॉडेल ५० पट लहान, म्हणजे ९ मीटरचे १८ सेंटिमीटर. इथपर्यंत मला जमले. खरी गंमत खिडकीची होती. नोव्हेंबरअखेर आपल्याकडे सूर्य बरोबर पश्चिमेला मावळत नाही, पश्चिमेपासून सुमारे २२ अंश दक्षिणेकडे सरकून मावळतो. आणि मे महिन्यात साधारण तितकाच उत्तरेकडे सरकतो. म्हणून तिने मोठी जाळी नैर्ऋत्येकडे तोंड करून ठेवली आणि तिच्या उत्तर बाजूला एक उंच आडभिंत घातली. हिवाळ्यात जेव्हा जेवणाची घाई असते तेव्हा शेवटचे ऊन आत येईल, आणि मे महिन्यात तीच भिंत ते अडवेल. साठ वर्षे मी सूर्यास्ताच्या वेळा पंचांगात पाहत आलो, पण तो कोणत्या बाजूला होतो याची कधी नोंद केली नव्हती.

गुरुवारी संध्याकाळी मुलगा आला. शुक्रवारी मार्केट यार्डात खरेदी होती. तो पाचच्या आत पोहोचेल अशी आशा नव्हती; तो आला सहानंतर आणि वाटेत दौंडला जेवून आला होता. फोमबोर्डच्या कपट्यांवरून पाय उचलत तो आत आला आणि खुर्चीवर बसून बराच वेळ काही बोलला नाही. फीचा विषय निघणार, हे आम्हाला सर्वांना समजत होते. नात मान खाली घालून कटर चालवत होती. शेवटी तो म्हणाला, "हे सगळं सुंदर आहे, पण पप्पा, चित्रं काढून घर चालतं का?"

मी काही बोलण्याआधी सौ. आतून म्हणाली, "राणकपूरचं मंदिर कुणी बांधलं?"

"धरणाशाहांनी."

"पैसा धरणाशाहांचा. आराखडा कुणाचा?"

"देपाचा," तो म्हणाला. लहानपणी त्याला पंचतीर्थीच्या यात्रेला नेले होते. १४४४ खांब मोजण्याच्या नादात तो आणि त्याचा चुलतभाऊ चुकले होते, ती आठवण घरात अजून निघते.

"मग नाव लक्षात आहे तुझ्या," सौ. म्हणाली.

तो हसला, पण हार मानणारा नव्हता. "मम्मी, देपाला धरणाशाह भेटला. हिला गिऱ्हाईक आपलं आपण शोधायचं आहे." या उत्तरातही तथ्य होते, आणि घरात कोणाजवळ त्याला उत्तर नव्हते. तेथे तो विषय तसाच राहिला.

त्यानंतर जे झाले त्यासाठी मी हा लेख लिहिला असे म्हटले तरी चालेल. तो उठून मॉडेलजवळ गेला, गुडघ्यांवर बसला आणि दुकानात नवा माल आला की पाहतो तसे त्याने ते चारही बाजूंनी पाहिले. मग विचारले, "बेटा, कोठी कुठे आहे?"

तिने स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातील एक लहान चौकोन दाखवला. तो म्हणाला, "इतकीच? साठ मुलं म्हणजे रोजचं चोवीस-पंचवीस किलो पीठ. महिन्याला सात-साडेसात क्विंटल गहूच झाला. पन्नास किलोची पंधरा पोती. तांदूळ, डाळ, तेलाचे डबे, गूळ वेगळा. पोती जमिनीला लावून ठेवायची नाहीत, खाली फळ्या. भिंतीपासून वीतभर लांब, नाहीतर ओल येते. आणि हा दरवाजा? पोतं पाठीवर घेतलेला हमाल यातून वळेल कसा? टेम्पो कुठे लागेल?"

ती उठली, पेन्सिल घेऊन त्याच्याजवळ बसली. "पुन्हा सांगा. फळी किती उंच?"

रात्री साडेअकरापर्यंत बापलेक जमिनीवर बसून होते. कोठी उत्तरेकडे गेली, कारण ती बाजू थंड. टेम्पोला मागे येण्याची वाट निघाली. उंदरांसाठी उंबऱ्याला पत्रा लागला. सौ.नेही आपली भर घातली: पाणी उकळून निववायला मोठी भांडी ठेवायची जागा कुठे आहे? आणि मुले थाळी धुऊन पितात, तर बसल्या जागी पाण्याचा तांब्या पोहोचला पाहिजे. मोरीवर गर्दी होता कामा नये. नातीने सगळे टिपून घेतले. तिच्या आधीच्या नकाशात जेवणारे होते. जेवण कुठून येते ते नव्हते, असे ती स्वतःच म्हणाली. मॉडेलची एक संपूर्ण बाजू कापून काढावी लागली. दोन दिवसांचे काम होते ते. तिने ते कापताना कुरकूर केली नाही, मुलाने मात्र तोंड फिरवले.

शुक्रवारी सकाळी तो यार्डात गेला आणि तिकडूनच माल भरून बार्शीला निघाला. नातीने कॉलेजातून लवकर सुट्टी घेतली. आठमीची साधी थाळी, दाणामेथी-पापडाची भाजी आणि फुलके, पाचलाच उरकली. मग मॉडेल उचलून आम्ही तिघे गच्चीवर गेलो. होकायंत्र फोनमध्येच असते हे मला त्या दिवशी कळले. तिने मॉडेल फिरवून दिशा जुळवली आणि गच्चीच्या कठड्यावर ठेवले. साडेपाचचे ऊन जाळीतून आत गेले. पहिली ओळ, दुसरी ओळ, आणि भिंतीकडची शेवटची, जेथे मी सोलापुरात बसत असे तीसुद्धा, पिवळी झाली. तिने वाकून फोटो काढले. सौ. म्हणाली, "पाणी पिऊन घ्या आता, सूर्य टेकला." तिघांनी पाणी घेतले आणि पच्चक्खाण केले. खाली आल्यावर ती आडभिंतीचा कोन दोन अंशांनी बदलत बसली. का, ते मला समजले नाही आणि मी तिचा वेळ घेतला नाही.

शनिवारच्या ज्युरीचे वर्णन तिने दोन मिनिटांत संपवले. दोन परीक्षक होते. एकांनी उन्हाळ्यातील पश्चिमेच्या उष्णतेबद्दल विचारले. उत्तर तयार होते. दुसऱ्यांना छपराची रचना कच्ची वाटली आणि त्यांनी तसे स्पष्ट सांगितले. कोठीजवळ मात्र दोघेही थांबले. हे कोणी सुचवले, असे विचारले तेव्हा ती म्हणाली, "माझे वडील धान्याचे व्यापारी आहेत." गुण अजून लागायचे होते.

रविवारी सकाळी बार्शीहून फोन आला. मुलाने माझी चौकशी केली, यार्डातील तुरीचा भाव सांगितला, आणि मग विचारले, "कोठीचं काय म्हणाले?" मी फोन तिच्याकडे दिला. ते पाऊण तास बोलत होते. मला एकाच बाजूचे ऐकू येत होते: गोदामाचा पत्रा, पावसाळ्यात गळणारा कोपरा, नाताळच्या सुट्टीत येऊन मापे घेणे. "टेप कोण धरणार?" असे ती म्हणाली आणि हसली. फीविषयी काही बोलणे झाले की नाही, मी विचारले नाही.

दुपारी ती वसतिगृहावर परत गेली. सौ.ने तिच्याबरोबर मेथीचे आणि साधे असे दोन प्रकारचे खाखरे दिले, मैत्रिणींच्या वाट्याचे धरून. आमच्या घरी खाखऱ्याला हिवाळ्यात ३० दिवसांची मुदत मानतात, म्हणून डब्यावर तारीखही लिहिली. त्या हिशेबाने ते नाताळाच्या सुट्टीपर्यंत पुरायला हवेत. पण कोकणातली मैत्रीण बरोबर आहे, तेव्हा सौ.ने पुढच्या रविवारी पुन्हा कणीक मळायचे ठरवले आहे.